अकरावीच्या बायोलॉजीत घुसलेली केमिस्ट्री: कुणी मराठीत सोपी करून सांगेल का?

चिंचगुळी | ९ ऑगस्ट, रात्री १०:१२

भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. यंदा अकरावी सायन्सला आली आणि शिकायला माझ्याकडे राहते. गणित सोडून बायोलॉजी घेतलं, कारण "मावशी, आकडे नकोत आणि सूत्रं तर अजिबात नकोत." पहिल्याच महिन्यात बाईसाहेब रडकुंडीला आल्या आहेत. पेशी शिकायला बसावं तर पुस्तक पोलर मॉलिक्यूल, कोव्हॅलंट बॉन्ड, पीएच, मोलॅरिटी हे सगळं येतंच असं धरून चालतं. क्लासमध्ये विचारलं तर "ते केमिस्ट्रीच्या सरांना विचार", आणि केमिस्ट्रीचे सर अजून अणूच्या कक्षा मोजतायत.

मी बी.कॉम., पतसंस्थेत नोकरी. मला डेबिट-क्रेडिट कळतं, कोव्हॅलंट नाही. परवा आजीला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा हिने खाटेशेजारी बसून बाटल्यांवरची लेबलं वाचली आणि मला विचारलं, "सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के आणि ग्लुकोजच्या बाटलीत ग्लुकोज ५ टक्के. दोन्ही जातं रक्तातच, मग एवढा फरक का?" माझी बोलती बंद. आजी आता बरी आहे, प्रश्न तसाच आहे.

कुणी जाणकार समजावेल का? इंग्रजी व्हिडिओंचे दुवे नकोत, ते तिने पाहिलेत.

रिकामटेकडा | ९ ऑगस्ट, रात्री १०:३१

आकडे नकोत म्हणून सायन्स घेणारी पिढी! शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

निवळी | ९ ऑगस्ट, रात्री ११:५०

चिंचगुळी, तुम्ही बी.कॉम. आहात हे उत्तमच. जीवशास्त्राच्या सुरुवातीला लागणारी केमिस्ट्री म्हणजे बरीचशी खातेवहीच असते, फक्त रुपयांच्या जागी इलेक्ट्रॉन. मी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. नवीन मुलं आली की त्यांना एकच सवय लावते: रेणू दिसला की आधी विचारायचं, यात इलेक्ट्रॉन कुणाकडे जास्त आहेत? बाकीचं बरंचसं त्यातून निघतं.

मीठ घ्या. सोडियमच्या सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनला नेमका एक कमी. सोडियम देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, व्यवहार संपला. एक झाला धनभारित, दुसरा ऋणभारित, आणि विरुद्ध भार एकमेकांना धरून बसतात. हा आयनिक बंध. मीठ पाण्यात विरघळलं की दोघं सुटे होऊन फिरतात. हे लक्षात ठेवा, सलाईनच्या कोड्यात लागणार आहे.

कोव्हॅलंट म्हणजे सहसंयुज बंध. इथे कुणी काही देऊन टाकत नाही, जॉइंट अकाउंट असतं. कार्बन आणि हायड्रोजनचं बरं जमतं, कारण दोघांची इलेक्ट्रॉनवरची ओढ जवळपास सारखी. ही ओढ मोजायची पट्टी लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली, तिला विद्युतऋणता म्हणतात. त्या पट्टीवर हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५. आणि ऑक्सिजन ३.४४! त्यामुळे ऑक्सिजन-हायड्रोजनचं खातं जॉइंट असलं तरी पासबुक ऑक्सिजनच्या कपाटात. इलेक्ट्रॉन जास्त वेळ त्याच्याकडे राहतात, म्हणून तो किंचित ऋण आणि हायड्रोजन किंचित धन. पोलर पोलर म्हणतात ते एवढंच.

पाण्याचा रेणू सरळ काठीसारखा असता तर दोन्हीकडची ओढाताण फिटली असती. पण तो वाकडा आहे, कोन १०४.५ अंशांचा. त्यामुळे त्याला ऋण बाजू आणि धन बाजू अशा दोन बाजू आहेत. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. सहसंयुज बंधापुढे हा फारच लेचापेचा, साधारण विसाव्या हिश्शाच्या ताकदीचा. पण एकेका थेंबात असे किती असतील ते बघा.

या लेच्यापेच्या बंधाने काय होतं त्याचं माझं आवडतं उदाहरण. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. त्याचा रेणुभार ३४, पाण्याचा १८. जड तो आधी द्रव व्हायला हवा ना? तर तो उणे ६० अंशांनाच उकळतो आणि पाणी १०० अंशांना. गंधकाची ओढ कमी, म्हणून त्याच्या रेणूंत अशी साखळी नीट जमत नाही. पाण्यातही जमली नसती तर पृथ्वीवर वाफच वाफ असती आणि हा धागा काढायला कुणी नसतं.

सलाईनचं उद्या. डोळे मिटतायत.

उंबराचं फूल | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

"पासबुक ऑक्सिजनच्या कपाटात" 😄 आमच्या घरचीच गोष्ट. वाचनखूण साठवली.

जुना फळा | १० ऑगस्ट, सकाळी ८:४०

चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. निवळीताईंनी छान सांगितलं, पण एक पुरवणी जोडतो.

मराठी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण केमिस्ट्री नसून पाटी बदलणं ही आहे. ही मुलगी यातलं निम्मं शिकून आलेली आहे आणि तिला ते ठाऊकच नाही! व्हॅलन्सी म्हणजे तिची संयुजा. डिफ्यूजन म्हणजे विसरण, ऑस्मॉसिस म्हणजे परासरण, बेस म्हणजे आम्लारी, एन्झाइम म्हणजे विकर, पीएच म्हणजे सामू. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करायला सांगा, पंधरा दिवसांत भीती जाईल. माझ्याकडची किती तरी मुलं अकरावीत गेल्यावर परत येऊन म्हणायची, "सर, हे तर तेच आहे!"

आता तेल-पाणी. "तेल पाण्याला घाबरतं" असं वर्गात सांगतात ते मला पटत नाही. तेलाच्या रेणूत बहुतेक कार्बन-हायड्रोजन, भार समसमान वाटलेला. पाण्याच्या रेणूंना एकमेकांचे हात धरायचे असतात, आणि या मध्येच घुसलेल्या तेलाला धरायला हातच नाही. म्हणून पाणी आपापसात घट्ट होतं आणि तेल एका बाजूला गोळा होतं. भिणं-बिणं काही नाही, पाणी त्याला वाळीत टाकतं.

आता असा रेणू घ्या ज्याचं डोकं भारित आणि दोन शेपट्या तेलकट. फॉस्फोलिपिड. पाण्यात सोडला की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दुपदरी चादर आपसूक तयार होते. पेशीचं पटल ते हेच. कुणी विणत बसत नाही.

रिकामटेकडा | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

सर, आदर आहे, पण विकर आणि सामू कोण म्हणतं हो? असे शब्द पुस्तकात जन्मतात आणि परीक्षेत मरतात.

द्राक्षबाग | १० ऑगस्ट, दुपारी १:३०

आम्ही म्हणतो. रोज म्हणतो.

तासगाव तालुक्यात बाग आहे. माती परीक्षणाच्या अहवालात पहिल्याच ओळीत "सामू" असतो. फवारणीचं औषध कालवायच्या आधी पाण्याचा सामू बघतो. आमच्या बांधावर पीएच म्हटलं तर चालतं, पण सामू म्हटलं की म्हातारी माणसंही मान डोलावतात. विकराचं मला माहीत नाही.

आमच्या चुनखडीच्या रानात सामू आठच्या वर जातो आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह नाही म्हणून टाकत राहिलो. मग कळलं की लोह भरपूर आहे, पण त्या सामूला ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं, मुळांना उचलता येत नाही. कपाट भरलेलं, किल्ली नाही.

आता माझाही एक प्रश्न. ८ सामू आणि ८.५ सामू यात अर्ध्याचाच फरक ना? मग कृषी सहायक एवढं का ओरडतात?

निवळी | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

द्राक्षबाग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की भाचीचाही अर्धा पीएच संपला.

ही पट्टी सॉरेनसेन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये काढली. तो कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत होता. हो, बियरवालेच. विकरांचं काम आम्लतेवर फार अवलंबून असतं, आणि ती आम्लता दर वेळी ०.००००००१ अशी शून्यं मोजत लिहायचा त्याला वैताग आला असावा (हा माझा अंदाज). त्याने नुसती घातांकातली संख्या उचलली. लिटरमागे हायड्रोजन आयन १० चा उणे ७ वा घात इतके मोल (मोल म्हणजे कण मोजायचं माप) असतील तर सामू ७. म्हणून आयन वाढले की सामू उतरतो, आणि एका पायरीचा फरक म्हणजे थेट दहापट. अर्ध्या पायरीचा फरक तिपटीहून थोडा जास्त. तुमचे कृषी सहायक बरोबर ओरडतात.

घरातलं उदाहरण हवं तर दूध. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल करत जातात आणि सामू ४.६ च्या आसपास आला की दही लागतं. दोनच पायऱ्या, पण हायड्रोजन आयन शंभरपट. आणि ४.६ लाच का? दुधातल्या केसिन प्रथिनाचे गोळे एरवी ऋणभारित असतात, म्हणून एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. आयन वाढले की ते जाऊन या ऋण जागांवर बसतात. ४.६ ला हिशेब शून्यावर येतो, ढकलाढकली संपते आणि गोळे एकमेकांना चिकटतात. परत तोच प्रश्न: भार कुणाकडे?

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावल्यावर लाल झाला, हे तर सगळ्यांनी पाहिलंय. हळद ही आपल्या घरातली सामूची पट्टी आहे. कुंकूसुद्धा हळदीला चुन्यासारखं आम्लारी लावूनच करत आले.

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात असतो. ७.४ वरून ७.१ वर आला तर लिहिताना ०.३ चा फरक, पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात आणि रोगी अतिदक्षता विभागात. असं सहसा होत नाही, कारण रक्तातलं बायकार्बोनेट जादा आयन पकडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो आपण श्वासातून टाकून देतो. याला बफर म्हणतात. जिना चढल्यावर धाप लागते तेव्हा हेही काम चाललेलं असतं.

सॅम्पल नंबर सात | १० ऑगस्ट, रात्री ११:०५

लॅब टेक्निशियन आहे, सलाईनचं मी सांगू का? रोजचाच धंदा.

ताई, तुम्ही बोरं किलोवर घेता आणि हापूस डझनावर. बाटलीवरचे टक्के हा किलोचा हिशेब आहे. पेशीचा हिशेब डझनाचा. तांबड्या पेशीला आजूबाजूला किती ग्रॅम विरघळलंय याच्याशी कर्तव्य नाही, किती कण आहेत याच्याशी आहे. पटलातून पाणी जाऊ शकतं, पण मीठ तसं सहजासहजी जात नाही. मग जिकडे कण जास्त तिकडे पाणी सरकतं. परासरण ते हेच. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटते, खारट पाण्यात सुकलेल्या बोरासारखी होते. म्हणून बाहेर आणि आत कण सारखेच ठेवायचे.

केमिस्ट्रीतला डझन म्हणजे मोल. डझनात १२, मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आकडा राक्षसी आहे, कारण कण अतिशय लहान. तो लक्षात नसला तरी चालेल. लक्षात एवढंच ठेवायचं की रेणुभार जितका, तितक्या ग्रॅममध्ये एक मोल. मिठाचा ५८.५, ग्लुकोजचा १८०.

आता बाटल्या. ०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. ९ भागिले ५८.५, आले ०.१५४ मोल. पण निवळीताईंनी वर सांगितलंय की मीठ पाण्यात सुटं होतं, सोडियम वेगळा, क्लोराइड वेगळा. म्हणून दुप्पट, ०.३०८ मोल कण. ग्लुकोजची बाटली ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. ५० भागिले १८०, आले ०.२७८. ग्लुकोज तुटत नाही, एक रेणू म्हणजे एकच कण. बघा, ९ ग्रॅम आणि ५० ग्रॅम, पण कण जवळजवळ तेवढेच! सलाईनच्या लेबलावर बारीक अक्षरात सोडियम १५४, क्लोराइड १५४ असं छापलेलं असतं. पुढच्या वेळी बघायला सांगा. तिने बाकीचं लेबल वाचलं म्हणजे नजर चांगली आहे पोरीची.

जलसंजीवनीच्या पाकिटातही हाच हिशेब. साखर जास्त घातली तर आतड्यात कण वाढतात, पाणी शरीरातून आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मिश्रण पातळ केलं, लिटरमागचे एकूण कण ३११ मिलिमोलवरून २४५ वर आणले. आणि साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत जातात, त्यांच्यामागे पाणी जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे (कॉलऱ्याचे) हजारो रोगी वाचवले. केमिस्ट्री नको म्हणणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो.

थेम्सकाठ | ११ ऑगस्ट, पहाटे ३:४०

मोल समजल्याने माझा एक जुना गोंधळ आत्ता सुटला! इथे लंडनमध्ये साखर तपासली की ५.६ येते आणि आईची पुण्यात १०० येते. आई दर वेळी घाबरते, "अगं, तुझी एवढी कमी?" इथे मिलिमोल प्रति लिटर, तिथे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे इथे डझन, तिथे किलो. १८ ने गुणायचं हे पाठ होतं, पण १८ का ते आज कळलं: ग्लुकोजचा १८०, भागिले डेसिलिटरचे १०.

द्राक्षबाग | ११ ऑगस्ट, सकाळी ६:१५

सात नंबर, नमस्कार तुम्हाला. आमच्याकडे नदीकाठची रानं पाणी पाजून पाजून क्षारपड झाली. मातीत ओल असते, हाताला लागते, आणि ऊस मात्र वाळतो. आजोबा म्हणायचे, "रान पाणी देईना झालंय." बाहेर कण जास्त, मग मुळात पाणी शिरणार कसं! शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती.

चोपण रानात जिप्सम टाकतात तेही या भाराचंच असणार?

निवळी | ११ ऑगस्ट, सकाळी १०:०२

अगदी. चिकणमातीचे कण ऋणभारित असतात. चोपण जमिनीत त्यांच्यावर सोडियम चिकटलेला असतो. सोडियमचा एकच भार, तो मातीचे कण जवळ धरू शकत नाही, ते सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधला कॅल्शियम दोन भारांचा, तो सोडियमला उठवून जागा घेतो आणि कणांना एकत्र आणतो. सुटलेला सोडियम पाण्याने धुऊन निचऱ्यातून बाहेर गेला पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

भावी डॉक्टर | ११ ऑगस्ट, दुपारी ४:४५

मी बारावीला आहे, नीटची तयारी करतोय. भाचीला एक सोपी युक्ती सांगतो: एटीपीमध्ये (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) शेवटच्या दोन फॉस्फेटच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते. बंध तुटला की ऊर्जा बाहेर. एवढं पाठ केलं की काम झालं.

जुना फळा | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

बाळा, काम झालं नाही, तिथेच बिघडलं. बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते. कुठलाही बंध. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना.

भावी डॉक्टर | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४१

सर, पण आमच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय, "हाय एनर्जी बॉन्ड". टॉपरच्या नोट्स आहेत.

रिकामटेकडा | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

शेंगदाणे सार्थकी लागले.

निवळी | ११ ऑगस्ट, रात्री ९:४८

भावी डॉक्टर, नोट्स लिहिणाऱ्याचा फार दोष नाही. हा शब्दप्रयोग फ्रिट्झ लिपमन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये रूढ केला आणि नागमोडी रेघेने दाखवायची पद्धतही त्याचीच. हिशेब लिहायला तो सोयीचा आहे. पण जीवशास्त्राची मुलं त्यावरून "बंध म्हणजे ऊर्जेची डबी, फोडली की ऊर्जा सांडते" असं समजतात. केमिस्ट्रीच्या तासाला त्याच मुलांना बंध तोडायला ऊर्जा लागते हे शिकवतात, आणि दोन्ही वाक्यं एकाच दप्तरात सुखाने नांदतात.

पुन्हा खातेवही काढू. एटीपीचा पाण्याशी व्यवहार होतो तेव्हा जुने बंध तोडायला खर्च आहे, तो नावे टाका. नवे बंध जुळतात, तयार झालेल्या फॉस्फेटला पाणी घट्ट कवटाळतं, ती जमा बाजू. जमा खर्चापेक्षा मोठी, प्रमाण परिस्थितीत मोलमागे ३०.५ किलोजूल शिल्लक. ही शिल्लक म्हणजेच आपण म्हणतो ती ऊर्जा. आणि जमा मोठी का? एटीपीत तीन फॉस्फेट ओळीने, सगळे ऋणभारित, गर्दीच्या लोकलमध्ये एका बाकावर चौथी सीट करून बसल्यासारखे. एक उठला की बाकीच्यांनाही बरं वाटतं.

परीक्षेत पर्यायात "हाय एनर्जी बॉन्ड" असेल तर त्यावर खूण कर बाबा, मार्क घालवू नकोस. पण डोक्यात हिशेब बरोबर ठेव.

भावी डॉक्टर | ११ ऑगस्ट, रात्री १०:१०

लोकलचं लक्षात राहील. धन्यवाद मॅडम. नोट्समध्ये पेन्सिलीने लिहून ठेवलं.

चिंचगुळी | १५ ऑगस्ट, रात्री ८:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून तिच्या टेबलासमोर चिकटवलाय. शेवटच्या पानावर दोन रकानेही झालेत. आता प्रयोगाची हकीगत सांगते, कारण सुट्टीचा दिवस आणि माझे बटाटे दोन्ही त्यात गेले.

सात नंबरांचं वाचून तिने ठरवलं की पेशी बघता येत नाहीत तर बटाटा बघू. बटाट्याच्या बारीक सळ्या कापल्या, प्रत्येक वाटीत ५० ग्रॅम, माझ्या लाडवांच्या काट्यावर मोजून. चार वाट्या: साधं पाणी, ०.९ टक्के मिठाचं पाणी, ५ टक्के साखरेचं पाणी आणि १० टक्के मिठाचं पाणी. तीन तासांनी पुसून परत वजन केलं. साध्या पाण्यातल्या ५४ झाल्या, कडक, काडकन मोडणाऱ्या. दहा टक्के मिठातल्या ४१, दोरीसारख्या लोंबणाऱ्या. ०.९ मिठातल्या ५० च्या ५०. इथपर्यंत ती खूश होती.

५ टक्के साखरेतल्या निघाल्या ५२. ती म्हणाली, "हे चुकलं. ५ टक्के म्हणजे बरोबरीचं ना? बाटलीत तर ५ च असतं." मला वाटलं काटा बिघडला. परत केलं, परत ५२. इथे विचारू म्हणून मोबाईल घेतला तर म्हणाली, थांब मावशी. अर्धा तास वहीत काहीतरी भागत बसली आणि स्वयंपाकघरात येऊन ओरडली, "अगं, बाटलीत ग्लुकोज आहे आणि आपण घातली चहाची साखर!" साखरेचा रेणुभार ३४२, तिने केमिस्ट्रीच्या पुस्तकातून काढला. ग्लुकोजच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तेवढ्याच ग्रॅममध्ये कण निम्मे. म्हणून पाणी बटाट्यात शिरलं.

मग तिने हिशेब केला की बरोबरीला लिटरमागे ९५ ग्रॅम साखर लागेल, म्हणजे साडेनऊ टक्के. २०० मिलिलिटरला १९ ग्रॅम. पुन्हा ५० ग्रॅम सळ्या, पुन्हा तीन तास. वजन आलं ५०.

आकडे नकोत म्हणून बायो घेतलेल्या मुलीने सुट्टीच्या दिवशी आपणहून भागाकार केले, मी डोळ्यांनी पाहिलं. रात्री बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या. खारट वाटीतल्या सोडून.

सॅम्पल नंबर सात | १५ ऑगस्ट, रात्री ९:००

साखरेचा तिढा तिचा तिने सोडवला? पोरीला आमच्याकडे पाठवा, जागा आहे. (पगार नाही.)

द्राक्षबाग | १६ ऑगस्ट, सकाळी ६:०५

भाचीला माझ्याकडून एक गणित द्या. काढणीच्या वेळी द्राक्षात १८ टक्क्यांच्या आसपास साखर असते. आणि ती चहाची साखर नसते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्हींचा रेणुभार १८०. ऐन वेळी अवकाळी पाऊस झाला की आमचे मणी तडकतात. एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. हे तेच का?

चिंचगुळी | १६ ऑगस्ट, सकाळी ७:५०

ती डबा भरता भरता सांगतेय, मी टाईप करतेय: "काका, १८ टक्के म्हणजे लिटरला १८० ग्रॅम, म्हणजे बरोबर एक मोल. सलाईनच्या तिपटीहून जास्त. आणि पावसाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. मग पाणी आत शिरणारच, आणि साल किती ताणणार?"

कॉलेजची बस आली. बाकीचं संध्याकाळी.

निवळी | १६ ऑगस्ट, सकाळी ९:१०

हो, तेच. सालीतून थेट शिरतं आणि मुळांतूनही वर चढतं, दोन्हीकडून.